शकुअक्कांचा पट

शाळेत मुलाचं नाव घालायला आलेल्या बाईला शकुअक्का आधी सतरंजीवर बसवायच्या, तांब्याभर पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या, "हाई पोर व्हयनी तव्हय वावरमा काय व्हतं, माय?"

बाई बावचळायची. रेशन कार्ड, दोन फोटो, नवऱ्याची सही असं सगळं पिशवीत घालून ती आलेली असायची. शेतातल्या पिकाबद्दल कोणी विचारेल असं तिच्या ध्यानीमनी नसायचं.

"कापूस व्हता," ती चाचरत सांगायची.

"येचेल का येचाना बाकी?"

ज्यांच्याकडे जन्माचा दाखला असे त्यांच्यावर ही वेळ यायची नाही. पण गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतल्या काही घरांत तो नसायचा, आणि नरडाण्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांचा तर हमखास गावी राहिलेला असायचा. अशा वेळी बहुतेक शिक्षक काय करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वय अंदाजे धरायचं आणि जन्मतारीख एक जून लिहून मोकळं व्हायचं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो.

अक्कांचा या एक जूनवर दात होता. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जूनच. त्यांची आई म्हणायची, पोर झाली तेव्हा शेकोटी पेटवून बसलो होतो. "मना जनम गुरुजीनी उन्हायामा ढकली दिधा," असं त्या हसून सांगायच्या, पण ते त्यांना लागलेलं होतं. म्हणून मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी किराणा दुकानातून फुकट मिळणारी भिंतीवरची कॅलेंडरं जपायला सुरुवात केली. पंधरा-सोळा वर्षांची कॅलेंडरं शाळेच्या कपाटात गुंडाळ्या करून ठेवलेली होती. पीक, सण, चांदणं, घरातलं लग्न, गावातलं मरण, काहीतरी धागा पकडून त्या तारखेपर्यंत जायच्या.

एकदा एक बाई अर्धा तास काहीच सांगू शकली नाही. अक्का थकल्या नाहीत. शेवटी तिला आठवलं, "कानबाईना रोट व्हतात घरमा, आनि मले कया सुरू व्हयन्यात."

"मंग ऐतवार शे!" अक्का टाळी वाजवून म्हणाल्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो; कळा त्याच दिवशीच्या. कॅलेंडर निघालं, बोट फिरलं, तारीख सापडली. ती बाई आपल्या मुलाकडे अशी बघत राहिली, जशी त्याची आत्ताच नीट ओळख झाली. मी तेव्हा बाजूला बसून पोषण आहाराचा तक्ता भरत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्या वेळात माझे तीन तक्ते झाले असते.

मी त्या शाळेत दुसरी शिक्षिका. माझं माहेर-सासर दोन्ही जळगावचं. बदलीच्या यादीत नरडाण्याजवळच्या या गावाचं नाव माझ्या पुढे आलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोन खोल्या, एक किचन शेड, एक कडुनिंब, पहिली ते चौथी आणि दोन शिक्षक, एवढीच शाळा. मी आले त्या दिवशी अक्कांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "रडून घ्यायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जा, तिकडे पंखा चालतो." मग पुढे, "पण प्रार्थनेच्या आत ये."

अंगाने बुटक्या, चालणं भरभर, पदर कायम खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. साहेबांशी बोलताना त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध. गावाशी बोलताना अहिराणी. माझ्याशी बोलताना मराठी सुरू असायची आणि अहिराणी आली की मी समजायचे, एकतर बाई चिडल्यात किंवा त्यांना माझी माया आली आहे.

त्यांच्या तोंडी एक वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं. "अंदाजे नको सांगू." मुलाने फळ्यावरची बेरीज सांगितली की अंदाजे नको. मी हजेरी पंधरा-सोळा म्हटली की अंदाजे नको. पोषण आहार शिजवणाऱ्या सुमनमावशींनी तांदूळ मुठीने टाकले की, "मावशी, अंदाजे नको." मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं, "अक्का, मना हात मापना शे." दोघींचा हा तंटा रोजचा, आणि तो झाला नाही तर मावशींना भात बिघडल्यासारखं वाटायचं.

गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली तेव्हा आमचा पट घसरायला सुरुवात झाली. आधी सरपंचांचा नातू गेला, मग दुकानदाराची दोन मुलं, मग ज्याला जमलं तो. मला वाटलं अक्का घरोघर जाऊन भांडतील. त्या सकाळी गाडी थांबते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मी दुरून पाहिलं तर एका पोराच्या बुटाची नाडी बांधून देत होत्या. मी विचारलं, "ही आपली शाळा सोडून गेली, आणि तुम्ही?" तर म्हणाल्या, "मन्हा पटवर नहीत, पन गावनी त शेतस ना?" मला हे शहाणपण त्या वेळी फार महाग वाटलं.

गावातली मुलं गेली तशी पटावरची आडनावं बदलली. पूर्वी हजेरीत पानभर पाटील असायचे, आता मुलं निम्मी भिल्ल वस्तीतली आणि उरलेल्यांत बरीचशी बिहार-ओडिशाच्या मजुरांची. अक्का ही नवी नावं रोज घरी पाठ करायच्या. बेहेरा नावाच्या मुलाचं नाव बिश्वजित. ते नीट म्हणता यावं म्हणून त्यांनी त्याच्या बापाला गेटवर थांबवून तीन वेळा म्हणायला लावलं. गावातल्या एका म्हाताऱ्याने पारावरून टोमणा मारला, "अक्का, परमुलुखनी पोरे गोळा करी ऱ्हायन्यात का?" अक्का म्हणाल्या, "आबा, तुमना नातू धाडा, मंग पाटीलनं नाव पहिले घेसू." आबांचा नातू पिवळ्या गाडीत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दर वर्षी तीस सप्टेंबरचा पट धरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. त्या वर्षी तालुक्यात बोलणी सुरू होती की विसाच्या आतल्या शाळा शेजारच्या शाळेला जोडायच्या. आमचं शेजारचं गाव जवळच, पण मध्ये मुंबई-आग्रा महामार्ग. ट्रकची रांग तुटत नाही असा तो रस्ता सहा-सात वर्षांच्या पोरांनी रोज दोनदा ओलांडायचा. भिल्ल वस्तीतल्या आणि मजुरांच्या मुली तर शाळेत यायच्याच बंद होणार, हे आम्हाला दोघींनाही लख्ख दिसत होतं. अक्का येत्या मेअखेर निवृत्त होणार होत्या. एवढंच म्हणायच्या, "मी जाईन तेव्हा शाळा उघडी पाहिजे."

पट बरोबर वीस होता.

सत्तावीस सप्टेंबरला तिसरीतल्या राणीची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. नवऱ्याला सुरतला काम लागलं होतं, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. मी पटकन पुढे झाले आणि म्हणाले, "ताई, दाखल्याला चार दिवस लागतील. पोस्टाने पाठवू." माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. तीन दिवसांचा तर प्रश्न होता.

अक्कांनी आतून विचारलं, "कसाना चार दिवस?" आणि दाखल्याचं पुस्तक काढलं. राणीच्या आईसमोर त्यांनी नाव, आईचं नाव, जन्मतारीख सगळं लिहिलं, शिक्का मारला, पान फाडून तिच्या हातात दिलं. राणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तिथे गेल्या गेल्या शाळेत बस, माय. एक दिवस नको मोडू."

त्या दोघी गेल्यावर मी फुटले. "अक्का, एकोणीस झाले!"

"मला मोजता येतं."

"मग चार दिवस थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"पोर चार दिवस घरी बसली असती. आपल्या पटासाठी?" त्यांनी लाल शाईने राणीच्या नावावर रेघ मारली. मला त्यांचा राग आला. स्वतः आठ महिन्यांनी पेन्शन घेऊन घरी बसणार, आणि शाळा बुडाली तर ती पोरं रस्ता ओलांडणार, असं काहीबाही मी बोलून गेले. त्या पुस्तक मिटून वर्गावर गेल्या.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार फिरलो. भिल्ल वस्ती झाली, मजुरांच्या खोल्या झाल्या. शाळेत नाही असं एकही मूल सापडलं नाही. सापडणार कसं? अक्कांनी जूनमध्येच वस्ती पिंजून काढली होती. त्यांचं काम चोख होतं हीच आमची अडचण झाली होती.

एकोणतीस तारखेला दुपारी मुलं जेवून उठली. मी किचन शेडपाशी हात धुवत होते आणि रडवेली होऊन मावशींना सांगत होते, "उद्या सगळं संपलं, मावशी. एकोणीसवरच अडकलं."

मावशी ताटल्या विसळत होत्या. "एकोनीस?" त्या म्हणाल्या. "मी त ईस घासी ऱ्हायनू."

"विसावी गुड्डीची. ती कुठे पटावर आहे?"

गुड्डी म्हणजे दुसरीतल्या रुबीची धाकटी बहीण. बिहारहून आलेले आईबाप दोघंही कामावर, म्हणून रुबी तिला जूनपासून रोज सोबत आणायची. चिमणीएवढा जीव, बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसायची, कोणाशी बोलायची नाही. ती पटावर नाही म्हणून अक्का तिला सरकारी आहारातला एक घास देऊ देत नसत. तक्त्यात वीस लिहून एकविसांना वाढायचं हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून अक्का स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि भाजी रोज एका ताटलीत काढून तिच्यापुढे ठेवायच्या. मावशी ती ताटली घासायच्या. चार महिने हे सुरू होतं.

मागे अक्का उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "गुड्डीचं वय किती?"

"चार असेल," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

मी आठवू लागले. कोणीच सांगितलं नव्हतं. ती लहान दिसायची आणि बहिणीच्या बोटाला धरून यायची, म्हणून मी धरून चालले होते. अक्कांचा चेहरा पडला. गावातल्या प्रत्येक आईला सतरंजीवर बसवून पिकांबद्दल विचारणारी ही बाई, पण या एका आईला तिने काहीच विचारलं नव्हतं. डोळ्यांसमोर रोज बसलेल्या पोरीचं वय आम्ही दोघींनी अंदाजे धरलं होतं.

"भाकर दिधी मी तिले," अक्का हळूच म्हणाल्या. "पाटी नहीं दिधी."

संध्याकाळी पाळी संपल्यावर गुड्डीची आई आली. तिला सतरंजी, पाणी सगळं मिळालं. अक्कांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, ही झाली तेव्हा शेतात काय होतं?

"छठ था, मैडम," ती आपल्याकडच्या सूर्यपूजेच्या सणाबद्दल म्हणाली. "दिवाली के छह दिन बाद. शाम का अरग देके घाट से लौटे, तब हुई."

"कौनसे साल?"

ते तिला सांगता येईना. मग म्हणाली, "लॉकडाउन में हम लोग पैदल गाँव गए थे ना, तब गोद में थी. बैठना सीख रही थी."

अक्का उठल्या. कपाटातून लॉकडाउनच्या आदल्या वर्षाचं कॅलेंडर काढलं, दिवाळीच्या अमावास्येवर बोट ठेवलं आणि तिथून पुढे सहा दिवस मोजले. बोट थांबलं. यंदा डिसेंबरअखेर ज्याला सहा वर्षं पूर्ण होतात ते मूल पहिलीत बसतं. गुड्डीला नोव्हेंबरमध्येच होत होती.

मी ओरडलेच. मावशींनी हातातली कळशी खाली ठेवली. अक्कांनी मात्र दोन वेळा पुन्हा मोजलं.

"नाम क्या लिखें? गुड्डी तो घर का हुआ."

आई लाजली. मग नवऱ्याला फोन लावला, दोघं थोडा वेळ बोलले आणि नाव ठरलं, रोशनी. अक्कांनी त्याच संध्याकाळी विसावं नाव लिहिलं. खाली आणखी एक कागद लिहिला. मी तो वाचला. "सदर विद्यार्थिनी जूनपासून शाळेत उपस्थित असून तिचे नाव दाखल न करण्याची चूक माझी आहे," आणि खाली सही.

"हे कशाला? याची नोटीस निघेल. निवृत्तीच्या तोंडावर!"

"उद्या साहेब विचारतील की तीस तारखेला पोर कुठून उगवली. काय सांगू? कालच जन्मली?"

तिचं आधार नव्हतं, म्हणून आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी स्वतः येऊन मूल पाहायचं आणि सही करायची होती. ते दुसऱ्या दिवशी आले तेच कपाळाला आठी घालून. तपासणीच्या दिवशी दुसऱ्या गावची पोरं आणून बसवणाऱ्या शाळा त्यांनी पाहिलेल्या असाव्यात. त्यांनी अक्कांचा कागद वाचला, कॅलेंडर पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाले, "बाई, छठवरून पट भरायचा का आता?" मग गुड्डीकडे वळले. "बाळ, तू रोज शाळेत येते?"

गुड्डीने मान खाली घातली. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, ती रुबीच्या फ्रॉकमध्ये तोंड लपवू लागली.

साहेबांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि स्वतःच हजेरी घ्यायला लागले. पहिली दोन-तीन नावं झाली. पुढे बिश्वजित बेहेराशी त्यांची गाडी अडली. "बिश... बिस्व..."

"बिश्वजित बेहेरा," खालून एक बारीक आवाज आला.

साहेबांनी वर पाहिलं. गुड्डी मान खाली घालूनच बसली होती. ते पुढचं नाव शोधेपर्यंत तिने तेही म्हटलं. मग त्याच्या पुढचं. अक्कांची लय, अक्कांची श्वास घ्यायची जागा, मध्येच चष्मा सावरताना अक्का थांबायच्या तेवढा थांबा, सगळं जसंच्या तसं. राणीचं नावही तिने घेतलं, लाल रेघ मारलेलं, आणि वर्ग एका सुरात म्हणाला, "ती सुरतले गयी!" चार महिने रोज सकाळी ही पोर ती हजेरी ऐकत बसली होती. संपल्यावर ती गप्प झाली, कारण तिने रोज ऐकलेली नावं तिथेच संपायची.

साहेबांनी शेवटची ओळ वाचली. "रोशनी."

गुड्डी इकडेतिकडे पाहू लागली, ही कोण रोशनी म्हणून. रुबीने तिला कोपराने ढोसलं, "अरे, तू ही तो है!"

गुड्डी उठून उभी राहिली आणि शेडपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "हजर, मॅडम!"

मॅडम म्हटल्यावर साहेब हसले ते हसतच राहिले. त्यांनी सही केली. अक्कांचा तो कागद घडी घालून परत अक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडे ठेवा." शाळा वाचली. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकले आणि मला रडता येईना की हसता येईना. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रडनं व्हई त दुसरी खोलीमा जाय." मी तीन दिवसांपूर्वी बोलले त्याची माफी मागितली. त्यांनी हातानेच उडवून लावलं.

त्या दुपारी गुड्डी पहिल्यांदा ओळीत बसली आणि तिला मावशींनी वाढलं. अक्कांनी आपला डबा उघडला, सवयीने भाकरी अर्धी मोडली, आणि मग अख्खी खाल्ली.

छठसाठी गुड्डीचे आईबाप गावी गेले आणि येताना दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आले. अक्कांची तारीख एका दिवसाने चुकली होती. पोर रात्री बारानंतर झाली होती. अक्कांनी लाल शाईने तारीख दुरुस्त केली, शेजारी सही केली आणि पुढे आठवडाभर मावशींना सांगत राहिल्या, "बारा वाजानं मी इचारालेच इसरनू!"

एकतीस मेला अक्का निवृत्त झाल्या. मे महिन्यात शाळेला सुटी, म्हणून एक जूनवाल्या शिक्षकांना निरोप द्यायला मुलं नसतात. मी, मावशी आणि चार माणसं होतो. चार्ज घेण्याच्या यादीवर मी सह्या केल्या, कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. जळगावच्या बदलीचा अर्ज मी त्या वर्षी भरला नव्हता. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बरं," आणि पदर खोचला. मावशींनी कढी आणि भरीत-भाकरी केली होती. भाषण कोणी केलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. धुळ्याची एसटी आली. तिच्यातून एक माणूस उतरला, डोक्यावर लोखंडी ट्रंक. मागून बाई, काखेत गाठोडं. नरडाण्याच्या कारखान्यांत कामाला येणारे असे लोक आम्हाला नवे नव्हते. अक्का त्यांना वाट देऊन चढल्या. मी म्हणाले, "अक्का, पोहोचलात की फोन करा." त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

गाडी सुटली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं निरोपाचा आहे, म्हणून मीही हात हलवला. पण त्या हात हलवत नव्हत्या. दोन बोटं वर करून त्या मला काहीतरी दाखवत होत्या, आणि मान माझ्या मागच्या बाजूला फेकत होत्या. मी वळून पाहिलं. ट्रंक खाली ठेवून तो माणूस घाम पुसत होता, आणि त्या ट्रंकेच्या मागे, बाईच्या पदराला धरून, दोन पोरं उभी होती.